हे थांबतं कशावर? : वंडर वुमन, आई आणि ६४ रंग

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शंभर वेळा आले होते, ते थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसं.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, ऑफिसच्या कंटाळवाण्या कॉलवर म्यूट करून मला ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. तू दिवसा कोड लिहितेस, मग इन्स्टावर रात्री दीड वाजता त्या जुन्या सुपरहिरोइनी कुठून येतात? आणि जुन्याच का? आजचे कपडे का नाहीत? तर आजचा भाग त्यावर. सुपरहिरोइनींचे रेट्रो कपडे काढणं. चित्रात काढणं, मंडळी. मराठीत हे वाक्य बोलताना दरवेळी हा खुलासा करावा लागतो. (हसते)

सुरुवात थोडी मागून करते. मी इचलकरंजीची. आई शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, सगळं. लहानपणी कार्टून नेटवर्कवर जस्टिस लीग लागायचं आणि मी वंडर वुमन आणि हॉकगर्लच्या पार प्रेमात होते. आठवीत असताना माझ्या दोनशे पानी वहीची मागची सगळी पानं त्यांनी भरली होती. पुढून बीजगणित, मागून वंडर वुमन. एक दिवस वर्गात ती वही पकडली गेली. बाईंनी आईला बोलावलं, "तुमची मुलगी ही असली चित्रं काढते" म्हणाल्या. असली म्हणजे कसली, ते कुणीच बोललं नाही. आईपण नाही. घरी येऊन ती मशीनवर बसली. मला रागावलीसुद्धा नाही. महिनाअखेरीला रद्दीवाला आला, त्यात ती वही गेली.

मी चित्रं काढायची थांबले. थांबले म्हणजे थेट दहावी, बारावी, बीटेक, पुण्यात नोकरी, तिथपर्यंत. पहिलं अप्रेझल बरं झालं तेव्हा टॅब्लेट घेतला, स्टायलस घेतला, आणि पहिल्याच रात्री हात आपोआप तिकडे गेला. सोनेरी गरुड, लाल टॉप, निळ्यावर पांढरे तारे. फक्त हात तेरा वर्षांच्या मुलीचाच राहिला होता.

मग वर्क फ्रॉम होमच्या काळात मी घरी होते. एकाच खोलीत एका कोपऱ्यात माझा लॅपटॉप, दुसऱ्या कोपऱ्यात आईची मशीन. एका दुपारी मीटिंग चालू होती आणि मी टॅब्लेटवर रेखाटत होते. आई पाणी प्यायला उठली, मागे उभी राहिली, बराच वेळ बघत होती. माझ्या पोटात गोळा. मला वाटलं आता तोच विषय निघणार. आई म्हणाली,

"हे थांबतं कशावर?"

मी म्हटलं, काय?

"हा टॉप. खांद्यावर पट्टी नाही, गळ्यात दोरी नाही. हात वर केला की खाली येणार."

मी म्हटलं, अगं आई, ती ॲमेझॉन आहे, तिला देवांनी ताकद दिलीय.

"ताकद बाईला दिलीय. कापडाला नाही."

खरं सांगते, चित्रकलेवरचं इतकं उपयोगी वाक्य मला कुठल्या यूट्यूब ट्युटोरियलमध्ये मिळालं नाही. आईने टेलरिंगचा खडू घेतला आणि जुन्या वर्तमानपत्रावर मला तो टॉप उलगडून दाखवला. समोरून-मागून मिळून सहा कळ्या. प्रत्येक शिवणीत उभी कडक पट्टी, लग्नातल्या बिनपट्टीच्या चोळीला घालतात तशी. आत अस्तर. आणि वरच्या काठाला ती सोनेरी पट्टी आहे ना, ती नुसती शोभेची धरायची नाही, ती कडक धरायची, मग सगळं कमरेवर तोललं जातं. "वजन कमरेवर घ्यायचं, छातीवर नाही," आई म्हणाली.

त्या दिवसापासून मी आधी कळ्या काढते. खालच्या लेयरवर, फिकट निळ्या रेषेत. मग त्यावर गरुड बसवते. फरक काय पडतो? आधी माझा गरुड स्टिकरसारखा सपाट चिकटायचा. आता त्याचे पंख शिवणींवरून वळतात, अंगाबरोबर फिरतात. ती वळली तर एक पंख लहान दिसतो, दुसरा मोठा. एवढ्यावर चित्रातली बाई कागदातून बाहेर येते.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर काय काढतोय तेच कळत नाही. वंडर वुमन पहिल्यांदा आली १९४१ च्या शेवटी, ऑल स्टार कॉमिक्सच्या आठव्या अंकात. लिहिणारा विल्यम मार्स्टन, हा मानसशास्त्रज्ञ. खोटं पकडायच्या यंत्रामागे रक्तदाबाची जी चाचणी असते, तिच्यावर त्याने काम केलं होतं. आता तिच्या हातातली खरं बोलायला लावणारी दोरी आठवा. आणि काढणारा एच. जी. पीटर. हा माणूस तेव्हा साठी ओलांडलेला! त्याचा हात घडला होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मासिकांमध्ये, फुगवलेल्या केसांच्या ऐटबाज बायका काढण्यात. म्हणून त्याची वंडर वुमन आजच्या डोळ्याला विचित्र दिसते. जाड भुवया, मोठे खांदे, लाकडी बाहुलीसारखी थोडी ताठ. मला आधी ती आवडायची नाही. हळूहळू लक्षात आलं की ती कुणासाठी पोझ देत नाहीये. ती कामात आहे. धावतेय, उचलतेय, गोळ्या मनगटावर अडवतेय.

आणि तिला आधी स्कर्ट होता. निळा, ताऱ्यांचा. पण लवकरच त्याची आखूड विजार झाली. का, हे मला शोधायची गरजच पडली नाही, स्कर्टमध्ये तिला उडी मारताना काढून बघा, स्वतःच कळेल. एकतर स्कर्ट अशक्यपणे पायाला चिकटतो, नाहीतर छत्रीसारखा उलटा होतो. आईला हे दाखवलं तर म्हणाली, "मग कासोटा मारायचा." माझी पणजी नऊवारीत शेतात कामं करायची, झाडावर चढायची. प्रश्न तोच आहे हो. कापड पाहिजे, पण पाय मोकळे पाहिजेत.

पुढे तिचे कपडे किती वेळा बदलले त्याला गणतीच नाही. १९६८ मध्ये तर तिची ताकदच काढून घेतली आणि पांढरे फॅशनेबल कपडे घालून हिंडवली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिस या स्त्रीवादी मासिकाने पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर तिला छापलं, पण जुन्या, ताऱ्यांच्या पोशाखात. बघा ना, स्त्रीवाद्यांनी अंगभर कपड्यांची बाई न निवडता हीच निवडली. १९७३ मध्ये डीसीने ताकद आणि पोशाख दोन्ही परत दिले. छातीवरच्या गरुडाच्या जागी डब्ल्यूची नक्षी आली ती १९८२ मध्ये. २०१० मध्ये तिला पँट आणि जॅकेट दिलं, त्यावर इतकी भांडणं झाली, आणि वर्षभरात पँट गेलीसुद्धा. मी गरुडवालीच काढते. डब्ल्यू मला लोगो वाटतो, आणि लोगो मी दिवसभर बघते.

बरं, आता माझा आवडता भाग. रंग. इंजिनियर लोकांनो, कान इकडे.

जुन्या कॉमिक्समध्ये किती रंग होते माहितीये? शाई चार. निळसर, गुलाबीसर लाल, पिवळी, काळी. काळी बहुतेक रेषांसाठी. उरल्या तीन. प्रत्येक शाईचे टप्पे चार: शून्य, २५ टक्के, ५० टक्के, १०० टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, ६४. म्हणजे प्रत्येक शाईला दोन बिट, एकूण सहा बिट. वंडर वुमनचं अख्खं जग सहा बिटांत! रंग भरणारी व्यक्ती चित्रावर कोड लिहायची. वाय म्हणजे पिवळा, आर म्हणजे लाल, बी म्हणजे निळा. दोन लिहिलं तर २५ टक्के, तीन लिहिलं तर ५०, काहीच नाही लिहिलं तर पूर्ण. गोऱ्या कातडीचा कोड वाय-टू आर-टू. मग कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट शहरात हे कोड वाचून, हाताने, प्रत्येक शाईची वेगळी फिल्म तयार व्हायची. आणि ते काम करणाऱ्या बहुतांश बायका होत्या. त्यांचं नाव कुठल्याही अंकात नाही. पण लाल कुठे आणि निळा कुठे हे त्यांच्या हातातून गेलंय.

हे कळल्यावर रेट्रो पोशाख असे भडक का, ते कळतं. पिवळा पूर्ण अधिक लाल पूर्ण, झाला टोमॅटो लाल. स्वस्त, खात्रीचा, खराब कागदावरही उठून दिसणारा. काळे केस निळ्या रंगात चमकतात कारण काळ्यात उजेड दाखवायला दुसरं काही नव्हतंच. आणि पांढरा? पांढरा म्हणजे कागद. १९७६ मध्ये डेव्ह कॉक्रमने एक्स-मेनमधल्या जीन ग्रेसाठी फिनिक्सचा पोशाख बेतला, तो मुळात पांढरा आणि सोनेरी होता. पण कागद इतका पातळ की पांढऱ्यातून मागच्या पानाची छपाई दिसणार! म्हणून तो हिरवा केला. आज जगभर लोक ज्या हिरव्या पोशाखाचं कॉस्प्ले करतात, तो कागदाच्या दर्जामुळे हिरवा आहे. प्रॉडक्शनमधली अडचण पुढे फीचर होते, आपल्याला काही नवीन नाही.

मी स्वतःसाठी ६४ रंगांचं पॅलेट बनवलंय. एक छोटी स्क्रिप्ट, तीन लूप, झालं. नियम असा की या ६४ बाहेर जायचं नाही. ठिपक्यांचा ब्रश लावताना प्रत्येक शाईचा कोन वेगळा ठेवायचा: निळी १५ अंश, लाल ७५, पिवळी शून्य, काळी ४५. सगळे एकाच कोनात ठेवले तर डोळे गरगरतात. मग लाल लेयर दोन-तीन पिक्सेल सरकवायचा, मुद्दाम. छपाईत शाया एकमेकींवर तंतोतंत बसायच्या नाहीत, ते दाखवायला. हे मी पहिल्यांदा पाहिलं मामाच्या ट्रंकेतल्या मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये. वेताळाच्या गोष्टीत डायनाचे ओठ तिच्या गालावर छापलेले! लहानपणी वाटायचं लिपस्टिक पुसली गेलीय.

पण या ६४ रंगांत एक गोची आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. एकदा ठरवलं, वंडर वुमनच्या जुन्या पोशाखात आपल्याकडची मुलगी काढायची. माझ्या रंगाची. पॅलेट उघडलं आणि अडकले. गव्हाळ, सावळा, तपकिरी, हे रंग तिथे बसतच नाहीत. पिवळा पूर्ण, लाल निम्मा, निळा पाव, तर हळदीसारखा होतो. निळा निम्मा केला की शेवाळी. लाल पूर्ण केला की मरून. तिन्ही निम्मे केले की राखाडी. मला हवा होता तो रंग ५० आणि १०० च्या मधे कुठेतरी आहे, आणि ७५ चा टप्पाच नाही! गोरी कातडी दोन आकड्यांत झाली, वाय-टू आर-टू, आणि माझ्यासाठी पूर्ण संचात रंग नाही. कुणी दुष्टपणे बसून हे केलं असं मी म्हणत नाही. पण बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोण होतं ते दिसतं. १९७५ मध्ये स्टॉर्म आली, केनियाशी नातं असलेली, काळ्या पोशाखातली, पांढऱ्या केसांची. तेव्हाचे अंक बघताना मी आता तिच्या कातडीकडेच बघत बसते, पानोपानी.

शेवटी मी माझा नियम मोडला. कातडीसाठी एक पासष्टावा रंग घातला. इन्स्टावर एकाने कमेंट केली, हे ऑथेंटिक नाही. बरोबर आहे. नाहीये.

आता शरीर. इथे मला थोडं भांडायचंय. रेट्रो पोशाख आखूड असतो, मान्य. पण पोशाख आखूड असणं आणि चित्र घाणेरडं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक पोझमध्ये असतो. नव्वदीतली काही मुखपृष्ठं बघा. बाई ठोसा मारतेय आणि छाती आणि कुल्ले दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे. मी आरशासमोर करून बघितलं, टायमर लावून फोटो काढला. कंबर लचकली, दोन दिवस खुर्चीत उशी घेऊन बसले. तेव्हापासून माझा नियम, जी पोझ मला पाच सेकंद धरता येत नाही ती तिला द्यायची नाही. उडणं सोडून. दोन्ही पायांवर वजन कसं पडतंय ते आधी, कपडे नंतर.

ब्लॅक कॅनरीचं उदाहरण घ्या. १९४७ ची. काळे केस, वर सोनेरी विग, निळं जॅकेट, जाळीचे मोजे. दिवसा ही बाई फुलांचं दुकान चालवते, ते मला फार आवडतं. तिचे जाळीचे मोजे म्हणजे नवशिक्याची परीक्षा. बहुतेक जण तयार जाळीचं टेक्स्चर चिकटवतात, आणि पाय पत्र्यासारखे सपाट होतात. जाळी हाताने काढायची. प्रत्येक रेष पायाच्या गोलाईवरून फिरवायची, गुडघ्यावर रुंद, घोट्याशी दाट. थ्रीडी मॉडेलचं वायरफ्रेम पाहिलंय ना? तेच. कंटाळवाणं काम आहे, एका पायाला चाळीस मिनिटं. पण केलं की कळतं, ती जाळी बघणाऱ्याला खूश करायला असो वा नसो, काढणाऱ्याला पाय समजावून सांगते.

आणि हे पोशाख फक्त पुरुषांनी बेतले असंही नाही. मार्व्हलच्या स्पायडर-वुमनचा लाल-पिवळा पोशाख, १९७७ चा, मेरी सेव्हरिनने बेतला. पूर्ण अंगभर, तोंडावर मुखवटा, बगलेखाली जाळ्याचे पंख. सरळ रेषेत कळी कापल्यासारखा तो पिवळा पट्टा खाली उतरतो, आईने बघितल्याबरोबर "प्रिन्सेस कट" म्हटलं.

दुसरी ट्रिना रॉबिन्स. हिच्याबद्दल मी वेगळा भाग करू शकते. १९६९ मध्ये व्हॅम्पिरेलाचा पोशाख हिने बेतला. तो लाल, नावापुरता कापडाचा. हो, तोच. आणि हीच बाई पुढे आयुष्यभर कॉमिक्समधल्या बायकांच्या चित्रणावर भांडली, विसरल्या गेलेल्या स्त्री चित्रकारांचा इतिहास लिहिला. लोक म्हणतील हा विरोधाभास आहे. मला नाही वाटत. तिने बेतलेला पोशाख नंतरच्या पुरुष चित्रकारांच्या हातात आणखी आणखी लहान होत गेला. कापड तेच, हात बदलले. आणि १९८६ मध्ये तिने वंडर वुमनची चार अंकांची मालिका काढली. वंडर वुमनचं पूर्ण कॉमिक काढणारी पहिली स्त्री. पंचेचाळीस वर्षं लागली मंडळी! आणि ती संधी मिळाल्यावर तिने काय केलं? ऐंशीच्या दशकातली झगमगीत शैली बाजूला ठेवून एच. जी. पीटरच्या जुन्या वळणाने काढली. जाड भुवया, गरुड, कामात असलेली बाई. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. त्या रात्री मी तिची आठवण म्हणून तीच गरुडवाली काढली आणि पोस्ट केली.

ती पोस्ट कुणीतरी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. कुणी, ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. खाली एका काकांनी लिहिलं, "मुलगी इंजिनियर ना? हे काय चाललंय?" मग कुणीतरी हात जोडलेला इमोजी. मग शांतता. मी पुण्यात, आई तिकडे. मला परत आठवीत गेल्यासारखं झालं. फोन हातात धरून बसले होते, पोस्ट काढून टाकावी का.

रात्री आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, गॅस, पाऊस, शेजारच्यांचं लग्न. ग्रुपचा विषय नाही. मग म्हणाली, "तू आता पाय नीट काढतेस. त्या वहीत पाय बरोबर नव्हते, गुडघे उलटे वाकायचे."

मी विचारलं, तू वही बघितली होतीस?

"पूर्ण बघितली."

मग का टाकलीस, हे विचारायचं होतं. नाही विचारलं. तीही बोलली नाही. थोडा वेळ दोघी गप्प, मागून तिच्या मशीनचा आवाज येत होता, म्हणजे एका हाताने कापड सरकवत होती. काकांना तिने काही उत्तर दिलं नाही, अजून दिलेलं नाही. माझं चित्र घरात भिंतीवर लावलंय का? नाही. "पाव्हणे येतात" म्हणते. मी पोस्ट ठेवली.

बरं, तर सध्या हातात काय आहे? १९५६ ची बॅटवुमन, कॅथी केन. पिवळा पोशाख, म्हणजे पिवळी शाई शंभर टक्के, माझं काम सोपं. तिच्याकडे बॅटमनसारखा पट्टा नाही, पर्स आहे! त्या पर्समधून लिपस्टिक, पावडर पफ आणि ब्रेसलेटच्या बेड्या निघतात. मला हे आधी फार अपमानास्पद वाटायचं, आता हसू येतं, कारण माझ्या पर्समध्ये यापेक्षा जास्त हत्यारं असतात. रेखाटन आईला पाठवलंय. तिचा रिप्लाय सकाळी आला: "पर्स घेऊन उडी मारली की पर्स तोंडावर येणार. बंद कुठून नेलाय?"

तो बंद या शनिवार-रविवारी सोडवायचाय. चित्र झालं की पोस्ट करते. तुमच्यापैकी कुणी काढत असाल तर तुमची जाळी, तुमचे कासोटे, तुमचा पासष्टावा रंग मला पाठवा. भेटू पुढच्या भागात. बाय!